असीरगडचा वेढा आणि चौलच्या तोफा

बुऱ्हाणपूरला बाहेरगावचे पाहुणे आले की आपली यादी ठरलेली असते. शाही किल्ला, त्यातले हमाम, जामा मशीद, तापीपलीकडचा आहुखाना, कुंडी भंडारा, राजा जयसिंहांची छत्री, दर्गा-ए-हकीमी, गुरू गोविंदसिंगांच्या आठवणीचा गुरुद्वारा, आणि शेवटी मावा जिलेबी. सवड असेल तर असीरगड. मुसलमान, राजपूत, शीख, बोहरा, मराठे, इंग्रज अशा सगळ्यांच्या खुणा एका दिवसात दाखवता येतील अशी गावे देशात फार नाहीत आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमानही आहे. या यादीत ख्रिस्ती माणसांचे नाव मात्र येत नाही. येणार कसे? पाहुण्याला बोट दाखवून सांगावे असे त्या काळातले देऊळ त्यांनी इथे मागे ठेवलेले नाही. पण सव्वाचारशे वर्षांपूर्वी दोन कॅथलिक धर्मसेवक या गावात महिनोन्‌महिने राहिले होते, आणि खानदेशाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या घटनेची एक साक्ष त्यांच्यामुळे उरली. त्यांची गोष्ट बुऱ्हाणपुरात सुरू होते आणि तिचा दुसरा धागा थेट कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या चौल-रेवदंड्यात सापडतो. दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात पाहण्यासारखी आहेत. मंडळाच्या पुढच्या सहलीचा विचार होईल तेव्हा उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

त्या दोघांपैकी वडीलधारे म्हणजे फादर जेरोम झेवियर. गोव्यात ज्यांचे शव जपून ठेवले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचे हे नातू. जन्म स्पेनमधल्या नवारचा, १५४९ सालचा. दुसरे ब्रदर बेंतो द गोइश, अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवरचे. तरुणपणी ते शिपाई म्हणून हिंदुस्थानात आले आणि पुढे जेझुइट संघात दाखल झाले. अकबराने गोव्याहून धर्मपंडित मागवले होते. त्याच्या बोलावण्यावरून गेलेले हे तिसरे मंडळ १५९५ च्या मे महिन्यात लाहोरला पोचले. अकबराला धर्मचर्चेची आवड होती हे आपण शाळेत शिकलो आहोत. गोव्याच्या पाद्र्यांना वाटे की बादशहा आज ना उद्या बाप्तिस्मा घेईल. बादशहाला वाटत असावे की पाद्री जवळ असले म्हणजे समुद्रावर सत्ता असलेल्या पोर्तुगिजांशी बोलणे सोपे जाते. दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा होता, आणि तो आपल्याच गावात उघडा पडला.

१५९९ मध्ये अकबर दख्खनच्या स्वारीसाठी आग्र्याहून निघाला. लष्कराबरोबर झेवियर आणि गोइशही आले. १६०० च्या मार्चअखेर अकबर बुऱ्हाणपुरात शिरला. शहर त्याला लढाईशिवाय मिळाले, कारण फारुकी राजा बहादूरशहा शहर सोडून असीरगडावर जाऊन बसला होता. बहादूरचे वडील राजा अलीखान, म्हणजेच आदिलशहा फारुकी, हे फार धोरणी राज्यकर्ते होते. मुघलांशी त्यांनी जुळवून घेतले, इतके की १५९७ च्या आष्टीच्या लढाईत ते मुघलांच्या बाजूने लढताना मारले गेले. मुलाला ते धोरण पेलले नाही. अकबर दाराशी आला तेव्हा त्याने गडाचे दरवाजे लावून घेतले.

पाद्र्यांनी पाहिलेले बुऱ्हाणपूर कसे होते, याची कल्पना करताना आपल्याला बऱ्याच गोष्टी पुसून टाकाव्या लागतात. कुंडी भंडारा नव्हता. तो खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास झाला. मुमताजमहल तेव्हा लहान मुलगी होती. जयसिंहांची छत्री दूरच राहिली. पण गांधी चौकातली जामा मशीद होती आणि ती नवी कोरी होती, उणीपुरी दहा वर्षांची. तिच्यातला संस्कृत शिलालेख आपण पाहुण्यांना दाखवतोच. विक्रम संवत १६४६, शके १५११ असा काळ देऊन, सृष्टिकर्त्याला वंदन करून फारुकी राजांची वंशावळ त्यात नागरी अक्षरांत कोरली आहे. मशिदीच्या भिंतीवर अरबीशेजारी संस्कृत, हे दृश्य त्या दोघा परदेशी माणसांनी पाहिले असेल तर त्यांना काय वाटले असेल? फादर झेवियर भाषांचे पक्के अभ्यासक होते. दरबारातल्या अब्दुस सत्तार या विद्वानाच्या मदतीने त्यांनी येशूचे चरित्र फारसीत लिहिले. ‘मिरातुल कुद्स’ नावाचा तो ग्रंथ १६०२ मध्ये, म्हणजे बुऱ्हाणपूरहून परतल्यावर वर्षभरातच, अकबराला सादर झाला. शाही चित्रकारांनी चितारलेली त्याची एक प्रत आज अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. इथल्या छावणीतल्या लांबलचक मुक्कामात त्यातली काही पाने तयार झाली असावीत असे मला वाटते. पुराव्याने बोलायचे तर हा केवळ माझा तर्क.

आता असीरगडाकडे वळू. आपल्या गावापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, खंडवा-इंदूरच्या वाटेवर, सातपुड्याची खिंड अडवून हा गड उभा आहे. ‘दख्खनचा दरवाजा’ हे त्याचे बिरुद आपल्या अंगवळणी पडले आहे. वर असीर, खाली कमरगड, त्याखाली मलयगड असे तीन टप्पे. खालच्या सपाटीपासून गडाची उंची साडेआठशे फुटांच्या आसपास, आणि वरचा कडा बऱ्याच बाजूंनी तासल्यासारखा सरळ. सुरुंग लावायला जागा नाही, शिड्या लावायला जागा नाही, आत पाण्याचे तलाव, धान्याची कोठारे, तोफा आणि दारूगोळा. अशा गडापुढे अकबराची प्रचंड फौज महिनामागून महिना नुसती बसून राहिली. पावसाळा गेला. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले आणि चांदबीबीचा अंत झाला, पण असीरगड हलेना. त्यातच उत्तरेत शहजादा सलीम बापाविरुद्ध डोके वर काढू लागला. बादशहाला घाई झाली.

किल्ला पडत नाही याचे कारण साधे होते. भिंती फोडतील अशा मोठ्या तोफा अकबराजवळ पुरेशा नव्हत्या आणि गडावरच्या तोफा चांगल्या होत्या. त्या चालवणाऱ्यांत सात पोर्तुगीज होते. फारुकी राजाच्या नोकरीत शिरलेली, तोफखान्याची जाण असलेली ही माणसे. त्या काळी अशी भाडोत्री फिरंगी माणसे दख्खनच्या बहुतेक दरबारांत सापडत. पगार देईल तो धनी, असा त्यांचा व्यवहार. म्हणजे प्रसंग असा की गडाच्या आत तोफांवर फिरंगी आणि गडाच्या बाहेर, बादशहाच्या तंबूत, फिरंगीच. पण हातात क्रूस घेतलेले.

अकबराने या दुसऱ्या फिरंग्यांचा उपयोग करायचे ठरवले. त्याने झेवियर आणि गोइश यांना सांगितले की चौलच्या पोर्तुगिजांना पत्र लिहा. त्यांनी मोठ्या तोफा आणि दारूगोळा पाठवावा. तुमच्याच जातीचे लोक, तुमचा शब्द मानतील.

फादर झेवियर यांनी नकार दिला. आपण धर्माची सेवा करायला आलो आहोत, युद्धसामग्रीची मध्यस्थी करणे आपल्या व्रतात बसत नाही, असे त्यांनी बादशहाला सांगितले. अकबर संतापला. समोरून चालते व्हा, गोव्याला परत जा, असा हुकूम झाला. दोघांनी सामान बांधायला घेतले. तेव्हा दरबारातल्या एका हितचिंतकाने त्यांना सबुरीचा सल्ला दिला: घाईने निघू नका, बादशहाचा राग उतरू द्या, परवानगीशिवाय निघालात तर वाटेत जिवाला धोका आहे. ते थांबले. राग उतरला. पत्र मात्र गेले नाही.

या नकाराचा अर्थ इतिहासकारांनी वेगवेगळा लावला आहे. व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ च्या आपल्या अकबर-चरित्रात म्हटले की धर्माचे कारण वरवरचे. खरे कारण राजकीय होते. पोर्तुगिजांचा खानदेशच्या राजाशी सलोख्याचा करार होता, मग त्याच्याविरुद्ध तोफा कशा देणार? शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अहमदनगर आणि खानदेश ही दोन राज्ये मध्ये होती म्हणूनच मुघल कोकणच्या किनाऱ्यापासून दूर होते. ती कोसळली की उद्या चौल आणि वसईच्या तटाखाली अकबराचे तंबू पडणार, हे गोव्यातल्या विजरईला कळत होते. आपल्या शेजाऱ्याचे घर फोडायला आपणच पहार कोण देईल?

हे सगळे खरे धरले तरी मला झेवियर यांच्या नकारात नुसता डावपेच दिसत नाही. ते एकटे होते. पाच वर्षांची मेहनत, बादशहाच्या बाप्तिस्म्याची आशा, लाहोर आणि आग्र्याची त्यांची कामे हे सगळे त्या एका उत्तरावर अवलंबून होते. गोड बोलून पत्र लिहून द्यायचे आणि चौलच्या कप्तानाला आतून कळवायचे की तोफा पाठवू नका, असा सोपा मार्ग होता. राजकारण्याने तोच धरला असता. त्यांनी तोंडावर नाही म्हटले.

व्यवहाराच्या बाजूनेही ही मागणी विचित्रच होती. बुऱ्हाणपूर ते चौल हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेचारशे किलोमीटर भरते. मध्ये सह्याद्री. शेकडो मणांच्या तोफा बैलांनी घाट चढवून आणायच्या म्हणजे किती महिने गेले असते? पण बादशहाला तोफा हव्या होत्या तितकीच पाद्र्यांची परीक्षाही घ्यायची असेल, असे मनात येते.

अखेर १६०१ च्या जानेवारीत गड अकबराच्या हाती आला. तो कसा आला, इथेच दोन साक्षी एकमेकींसमोर उभ्या राहतात.

दरबारी बखरकारांचा कौल असा: गडावर रोगराई पसरली. माणसे पटापट मरू लागली, पाय सुजून लुळे पडू लागले, अंधत्व येऊ लागले. गर्दी, कोंडलेली हवा आणि जनावरांची सडलेली प्रेते यांनी गडाचा घास घेतला. धीर खचून बहादूरशहा खाली उतरला. अबुल फजल स्वतः त्या मोहिमेत होता, मलयगडाच्या चढाईत त्याचा हात होता, पुढे खानदेशचा कारभारही काही काळ त्याच्याकडे आला. म्हणजे हा ऐकीव कौल नव्हे.

जेझुइटांचा कौल निराळा आहे. फादर झेवियर यांच्या पत्रांच्या आधारे फर्नांव गेरेरू याने १६०३ मध्ये पोर्तुगालात आणि पुढे पिएर द्यु जारिक याने फ्रान्समध्ये जो वृत्तांत छापला, त्यात रोगराईला महत्त्व नाही. त्यात आहे तो शब्दभंग. अकबराने स्वतःच्या मस्तकाची शपथ घेऊन बहादूरशहाला भेटीला बोलावले: ये, बोलू, सुखरूप परत जा. गडाचा वृद्ध हबशी किल्लेदार जाऊ नका म्हणत होता. बहादूर गेला. गळ्यात शरणागतीचा शेला घालून त्याने तीनदा वाकून मुजरा केला. मग त्याला परत जाऊ दिले नाही. गड सोडण्याचा हुकूम लिहून दे म्हणून दडपण आले, ते त्याने मानले नाही. किल्लेदाराने आपल्या मुलाला जाब विचारायला पाठवले. तुझा बाप गड देईल का, असे अकबराने विचारले. त्यावर त्या मुलाने ताठ उत्तर दिले आणि त्याला तिथेच ठार केले गेले. बातमी वर पोचल्यावर म्हाताऱ्या किल्लेदाराने, असल्या बादशहाचे तोंड पाहण्याची वेळ येऊ नये म्हणून, रेशमी शेल्याने गळफास घेतला. नंतर सोन्याच्या किल्लीने दरवाजे उघडले. लाच पोचली आणि पहारे फुटले.

स्मिथ यांनी हा दुसरा कौल पूर्णपणे खरा मानला आणि दरबारी बखरी खोट्या ठरवल्या. ते सर्वांना पटले नाही. जेझुइट छावणीत होते, गडावर नव्हते. त्यांच्या पत्राचे छापील वृत्तांतात रूपांतर होताना दोन हात फिरले. आणि तोफांच्या प्रकरणात झालेला अपमान ताजा होता. हे आक्षेप खरे आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवणारे फादर हेन्री हेरास यांनी १९२४ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात याच वेढ्यावर सविस्तर लेख लिहिला. स्पेनमधून आलेल्या जेझुइटाने मुंबईत बसून तीनशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या जेझुइटाची असीरगडावरची साक्ष तपासावी, हा योग मजेशीर आहे. मुंबई विद्यापीठात इतिहास शिकलेल्या जुन्या पिढीच्या कानांवर हेरास यांचे नाव नक्की असेल.

माझा कल कुठे आहे म्हणाल तर, दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या असणार. दहा महिने कोंडलेल्या गडावर रोगराई न होणे कठीण, आणि घाईत असलेल्या विजेत्याने शपथेला जागणेही कठीण. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खानदेशच्या राजाच्या बाजूने बोलणारी बखर मागे राहिली नाही. फारुकींचे दप्तर गेले, दरबार गेला, बहादूरशहा कैदी होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. हरलेल्याची बाजू कुणीतरी लिहून ठेवली असेल तर ती त्या दोन परक्या पाद्र्यांनी. त्यांची साक्ष शंभर टक्के खरी नसेल. ती नसती तर मात्र आपल्याकडे फक्त जेत्याचे म्हणणे उरले असते.

गडावर सापडलेल्या त्या सात पोर्तुगिजांचे काय झाले? अकबरासमोर उभे केल्यावर झेवियर यांनी त्यांना मागून घेतले आणि बादशहाने ती मागणी मान्य केली. ज्या तोफांसाठी झेवियर यांनी पत्र लिहिले नाही, त्याच प्रकारच्या तोफा अकबराच्या फौजेवर डागणारी ही माणसे. त्यांना जीवदान मिळावे, आणि तेही अकबराकडून, हे त्याच्या स्वभावाचे दुसरे अंग. मार्च १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरहून अकबराने गोव्याच्या विजरईला, आयरिश द सल्दान्याला, मैत्रीचे पत्र लिहिले आणि आपला वकील रवाना केला. त्याच्याबरोबर ब्रदर गोइश निघाले. बुऱ्हाणपूर-असीरगडावर हाती लागलेली काही पोर्तुगीज माणसेही त्यांच्याबरोबर गेली. मेअखेर ते गोव्याला पोचले.

गोइश यांचे नाव पुढे जगाच्या भूगोलात लिहिले गेले. १६०३ मध्ये लाहोरहून ते अब्दुल्ला या नावाने, आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात, काफिल्याबरोबर काबूल, यारकंदमार्गे निघाले. मार्को पोलोने सांगितलेला ‘कॅथे’ देश आणि चीन एकच की वेगळे, हा त्यांना सोडवायचा प्रश्न होता. चीनच्या भिंतीजवळच्या सुचौ गावापर्यंत ते पोचले आणि १६०७ च्या एप्रिलमध्ये तिथेच वारले. दोन्ही देश एकच, हे सिद्ध झाले होते. बुऱ्हाणपूरच्या रस्त्यांवरून चाललेला माणूस!

अकबर उत्तरेत परतला तेव्हा खानदेश शहजादा दानियालकडे सोपवून गेला आणि प्रांताचे नाव ‘दानदेश’ ठेवले. दारूच्या व्यसनाने दानियाल काही वर्षांतच आपल्या गावात वारला. त्याच्या तीन मुलांना पुढे जहांगीरने जेझुइटांच्या हवाली केले आणि १६१० मध्ये आग्र्याला त्यांचा समारंभाने बाप्तिस्मा झाला. तहमुरास, बैसुंगर आणि होशंग या तीन मुघल शहजाद्यांची नावे झाली दोम फिलिप, दोम कार्लोस आणि दोम हेन्रिक. तीनेक वर्षांतच राजकारणाचे वारे फिरले, मुलांनी क्रूस परत केले आणि प्रकरण मिटले. बादशहाच्या बाप्तिस्म्याची वाट पाहणाऱ्या झेवियर यांच्या हाती एवढेच लागले.

फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर जो प्रसिद्ध लेख आहे, तो याच दख्खन-खानदेशच्या विजयानंतरचा. त्यात दानदेश जिंकल्याचा उल्लेख आहे आणि त्याच लेखात येशूच्या नावावर एक वचन कोरले आहे. जग म्हणजे पूल आहे, त्यावरून जावे, वर घर बांधू नये, असा त्याचा आशय. असीरगडाच्या विजयाच्या लेखात येशूचे वचन यावे, हे वाचताना झेवियर आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आपल्या गावात या कथेच्या खुणा शोधायच्या तर जामा मशिदीत संस्कृत लेखाबरोबर मीर मासूम भक्करीने कोरवलेला फारसी लेखही पाहावा. अकबराच्या या स्वारीची नोंद तिथे दगडात आहे. असीरगडावर चढताना दरवाज्याजवळच्या कातळावर अकबर, दानियाल, शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळचे फारसी लेख लागतात. आपण बहुतेक जण अश्वत्थाम्याच्या गोष्टी सांगत त्यांच्यासमोरून पुढे जातो. वर महादेवाचे देऊळ आहे, फारुकींची मशीद आहे, इंग्रजी काळातल्या बराकींचे पडके अवशेष आणि थडगी आहेत. माथ्यावर पोचल्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. अकबराचा तळ पसरला होता तो मुलूख खाली दिसतो. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. उन्हाळ्यात वयस्कर मंडळींनी चढू नये.

आता सहलीचा दुसरा भाग. ज्या चौलला पत्र गेले नाही, ते चौल आजही पाहता येते. रेल्वेने निघाल्यास वाटेत नाशिकला उतरून पंचवटीतले नारोशंकराचे देऊळ जरूर पाहावे. त्याच्या तटावरची मोठी घंटा मूळची पोर्तुगीज चर्चची, तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या विजयचिन्हांपैकी ती एक. भीमाशंकरच्या देवळातही अशीच घंटा आहे. चर्चमध्ये प्रार्थनेला बोलावणारी घंटा महादेवाच्या दारात वाजू लागली, आणि कुणाचे काही अडले नाही.

मुंबईहून अलिबागला जायला गेटवेवरून मांडव्यापर्यंत लाँच आहे. पावसाळ्यात ती बंद असते, तेव्हा पनवेल-पेणमार्गे एसटी. अलिबागहून नागाव, चौलमार्गे रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो. आपल्या केळीच्या बागांची सवय झालेल्या डोळ्यांना तो फार सुखावतो. चौल हे फार प्राचीन बंदर. पोर्तुगीज १५०५ च्या सुमारास इथे आले आणि त्यांनी खाडीच्या मुखाशी जे तटबंदीचे शहर वसवले तेच आजचे रेवदंडा. १५७०-७१ मध्ये निजामशहाने या शहराला मोठा वेढा घातला होता, तोही फसला. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचे देऊळ आणि मठ इथे होता. आज तटाच्या आत वाड्या आहेत, घरे आहेत, आणि त्या झाडोऱ्यात अधूनमधून एखादी छप्पर नसलेली उंच भिंत, एखादी कमान उभी दिसते. गावकऱ्यांना विचारत फिरावे लागते. पाट्यांवर विसंबू नये.

सगळ्यांत ठळक म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बारा देवळाचा मनोरा. लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात, कारण मुळात तो सात मजली होता; वरचे मजले पडले आहेत. सेंट बार्बारा ही तोफखान्याची संरक्षक संत. पोर्तुगीज गोलंदाज तोफेला बत्ती देण्याआधी तिचे नाव घेत. असीरगडावरचे ते सात जणही घेत असतील.

रेवदंड्यापासून कुंडलिका खाडीचा साळाव पूल ओलांडला की चार-पाच किलोमीटरवर कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर किल्ला आहे. तो पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला, म्हणजे झेवियर लाहोरला पोचण्याच्या आदल्या वर्षी. माथ्यावर छप्पर उडालेले छोटे चर्च, पोर्तुगीज शिलालेख, आणि तटावर तोफा. १७४० मध्ये तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले. पण किल्ल्याखालच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबे गेली नाहीत. त्यांच्या घरांत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलली जाते. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. बोलणारे साधारण हजारभर. भाषाशास्त्रज्ञ देशोदेशींहून ती ऐकायला येतात. आजूबाजूला सगळी मराठी, शाळा मराठी, बाजार मराठी, आणि चूल मात्र आपल्या भाषेत. बुऱ्हाणपुरात पिढ्यान्‌पिढ्या बाहेर हिंदी आणि घरात मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे फार समजावून सांगायला नको. गावात गेल्यावर मोबाइल पुढे करून बोली बोलून दाखवा असा आग्रह कुणी धरू नये. चर्चच्या पायरीशी थोडा वेळ बसले की आपोआप कानावर पडते.

दोन दिवस हाताशी असतील तर चौलचे रामेश्वर मंदिर आणि त्याची पुष्करणी, टेकडीवरचे दत्तस्थान, रेवदंड्यातले बेने इस्राएलांचे सिनेगॉग हेही पाहून होते. कोर्लईच्या पुढे काशीदची पुळण आणि मुरूडच्या वाटेवर नांदगावचा सिद्धिविनायक. मंडळाची सहल म्हटल्यावर गणपतीचे दर्शन हवेच. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली असते. कोर्लईचा किल्ला सकाळी लवकर चढावा आणि उतरताना दीपगृहाकडून यावे. तिथून खाडीपलीकडचा रेवदंड्याचा तट स्पष्ट दिसतो.